दोन बोटं माया

कुतायसीच्या पाणी-बिलाच्या कचेरीत
खिडकी क्रमांक चार माझी.
पहिले अकरा महिने मी तिथं
एका सेफ्टीपिनेच्या भरवशावर काढले.
शर्टाच्या तिसऱ्या आणि चौथ्या बटणामधली फट:
लोक मीटरचे आकडे सांगत,
मी आकडे लिहून घेई,
आणि डावा हात सारखा छातीशी,
जणू दर ग्राहकागणिक शपथ घेतेय.

दुकानातली मुलगी
मी दार ढकलायच्या आतच मान हलवायची.
असलंच काही माझ्या मापाचं, तर काय असायचं?
काळा तंबू.
नाहीतर टिकल्याटिकल्यांचा सोनेरी वाघ.
मधलं काही नाही.
जणू जाड बाईनं एक तर मयताला जावं
नाहीतर लग्नाला.
नोकरीला कशाला?

नाझिब्रोला बसते बाजारामागच्या जिन्याखाली,
चीज विकणाऱ्या बायांच्या पलीकडे.
तिनं टेप काढली. मी पोट आत घेतलं.
"सोड," ती म्हणाली, "मी काय फोटो काढतेय?"
मग पायानंच स्टूल सरकवलं.
"बस. दिवसभर बसतेस ना?
मग उभ्यानं माप घेऊन मी काय करू!"

बसल्यावर कंबर नऊ सेंटिमीटर जास्त.
सेहेचाळीस वर्षांत हे कुणी मोजलं नव्हतं.

"हात वर कर. वरच्या फळीवरची फाइल काढ."
मी हवेतून फाइल काढली.
"आता चिडलेल्या गिऱ्हाइकाकडे वाक."
वाकले.
ती माझ्याभोवती फिरत राहिली, तोंडात टाचण्या,
आणि तोंडात टाचण्या असल्यामुळे
बारीक हो, असं एकदाही म्हणाली नाही.
(टाचण्या काढल्यावरही नाही.)

दोन पँट: एक राखाडी,
एक वांग्याच्या सालीच्या रंगाची.
मांड्यांच्या आत दुहेरी कापड,
कारण तिथंच आधी विरतं
आणि तिथलं कुणी बोलत नाही.
एक स्कर्ट. तीन शर्ट, ज्यांचं पहिलं बटण तिनं
छातीच्या सगळ्यात उंच जागी धरलं,
"बाकीची येतील याच्या मागं."
एक जाकीट, मुंढा वर कापलेला,
म्हणजे हात उचलला की हातच उचलला जाईल,
मी अख्खी नाही.
सगळे रंग एकमेकांशी बोलणारे.

मी बिलं करणारी बाई, रात्री मांडून पाहिलं:
तीन खालचे, तीन वरचे, नऊ.
जाकिटासह, जाकिटाविना, अठरा.
महिन्याचे कामाचे दिवस बावीस.
चार दिवस पुन्हा तेच घातलं
तर पाणीपुरवठा बंद पडणार नव्हता.
पैसे तीन हप्त्यांत.

त्या सोमवारी एका म्हाताऱ्यानं
गळक्या नळाचं सगळं खापर माझ्यावर फोडलं.
मी उठले, वरच्या फळीवरून त्याची फाइल काढली,
दोन्ही हातांनी.
कुणाचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही.
मी घरी येऊन ते पुन्हा आठवलं:
कुणाचं लक्ष गेलं नाही.

दोन हिवाळे गेले.
काल वांगी पँट कमरेत टोचायला लागली,
तशी मी जिन्याखाली गेले
आणि माफी मागावी तशी उभी राहिले.
नाझिब्रोलानं पँट उलटी केली,
शिवण बोटानं चाचपली.
"आहे की माया. दोन बोटं, दोन्हीकडं.
मी काय तुला कायमची मापून ठेवली होती?"
आणि ब्लेडनं उसवायला लागली.

जुन्या शिवणीची रेघ राहिली आहे,
तिच्या आतलं कापड अजून गडद, न विटलेलं.
जवळून पाहिलं तर दिसते.
खिडकीपलीकडून नाही.
सेफ्टीपिन खणात आहे,
खिडकी क्रमांक दोनच्या नव्या पोरीला
आज सकाळी विचारलं, हवी आहे का.
आणि जिन्याखालचा पत्ताही लिहून दिला,
एका जुन्या पावतीच्या मागं.