इतर

सावद्याच्या वाचनालयात दोन कपाटं.
एकावर पाटी: कथा-कादंबरी.
दुसऱ्यावर, त्याच पेंटरच्या हातची,
पण रंग संपत आला असावा: इतर.

त्या मार्चात पहिल्याची किल्ली हरवली.
डिगंबर फिरके सरांनी खिसे उलटे केले,
सरस्वतीच्या फोटोमागं हात घातला,
मग म्हणाले, "आता इतरातलंच ने व माय.
कुलूप तोडायला ठराव लागतो
आणि कमिटी बसते पंधरा ऑगस्टला."

मी फ्रूटसेलच्या काट्यावर कारकून.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक.
दोन ट्रकांच्या मधे मला गोष्ट लागायची,
कुणीतरी कुणाला तरी सोडून जाणारी.
हातात आलं: विहिरीचं बांधकाम.

रागानंच उघडलं.
त्यात लिहिलं होतं,
मऊ जमिनीत भिंत आधी वर बांधायची, गोल,
मग तिच्या पायाखालची माती काढत जायची.
भिंत आपल्याच वजनानं खाली उतरते.
बाहेर हॉर्न वाजत होता.
मी ते वाक्य पुन्हा वाचलं.
समासात कुणाची तरी पेन्सिलीची बारीक खूण होती.

मग मधमाशा. मग दातांची निगा.
मृत्युपत्र कसं करावं, हे वडिलांना दाखवलं,
ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी भाकरी मोडता मोडता म्हणाले,
"आण ते पुस्तक."

दोरखंडाच्या गाठी वाचल्या त्या आठवड्यात
भटिंड्याच्या ड्रायव्हरला विचारलं,
ताडपत्रीला मारतोस त्या गाठीचं नाव काय?
तो हसला. नाव कशाला, बापानं शिकवलीय.
पुस्तकात तिला नाव होतं, बाप नव्हता.

सगळंच काही उजळलं नाही.
धातूंच्या जोडकामावर मी काट्यावरच झोपले
आणि एका गाडीचं वजन दोनदा लिहिलं.

पण तापी.
जिच्यात आम्ही आईच्या अस्थी सोडल्या
ती एका पानावर नुसती फट होती,
कधीकाळी खचलेल्या जमिनीची,
मावळतीकडं उतरत गेलेली.
त्या संध्याकाळी सातपुड्याकडं पाहिलं
तर तो उभा आहे असं वाटेना.
आपणच खाली बसलोय, सगळा जिल्हा,
बाजारासकट.

आणि केळ. तेवीस वर्षं तोललेली केळ.
तिला म्हणे खोडच नाही.
आपण खोड म्हणतो ती पानांची गुंडाळी,
पानात पान, पानात पान.
घरी येताना बागेच्या कडेला थांबले.
हात लावून पाहिला. गार होतं.

पेन्सिलीची खूण जवळजवळ सगळ्याच पुस्तकांत.
कार्डावर एकच सही: वा. ना. बोरोले.
सर म्हणाले, निंभोरा स्टेशनात सिग्नलला होता.
गेला त्याला बारा वर्षं झाली.
कादंबरी कधी मागितली नाही त्यानं,
सांगायचा, मले रोज दोन गाड्यांच्या मधे
चाळीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात
कुणी मरायला नको.

जुलैअखेर माझ्या हाती मूळव्याध आली.
पथ्य आणि उपचार, एकशे बारा पानं.
खालच्या खणातलं ते शेवटून तिसरं.
काही सोडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून नेलं.
पान चौतीसला, "तिखट वर्ज्य" याच्या शेजारी,
खुणेसाठी घातलेली
कपाटाची किल्ली.

इथं बोरोलेंची पेन्सिल नव्हती.
मला एकदम फिरके सरांचा डबा आठवला,
शेवभाजीचा लाल तवंग,
आणि खुर्चीतली ती उशी.

पंधरा ऑगस्टला झेंडा झाला, कमिटी बसली,
ठराव पुढच्या बैठकीवर गेला.
मी पुस्तक परत केलं. किल्ली आतच, चौतीसला.
सरांनी शिक्का मारताना वर पाहिलं नाही.
"कसं होतं?"
म्हटलं, उपयोगी आहे सर. परत न्या एकदा.
आणि मला ते द्या, वरच्या खणातलं,
भूकंपावरचं,
त्याच्या शेजारचं मिठाचंही.