सोबतचं पत्र

सातपूरला, आयटीआय सिग्नलपाशी माझं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, टायपिंग. पानाला तीस रुपये.
शिफ्ट सुटल्यावरची गर्दी ओसरली, तेव्हा
वैजयंता खैरनार आल्या. हातात वहीचं फाडलेलं पान.

'महोदय, मी अत्यंत कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू...'

म्हटलं, ताई, हे वाक्य या कॉम्प्युटरला पाठ आहे.
सकाळपासून अकरा होतकरू गेले इथून.
एकेचाळिसाव्या वर्षी कसलं होतकरू?
त्या हसल्या. बाटलीतलं पाणी प्यायल्या.

मग काय लिहू?
काय करत होता, ते.
द्राक्षं बघत होते. पिंपळगावला, पॅकहाऊसमध्ये. बारा सीझन.
बघत होते म्हणजे?
त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून
हवेत एक गोल केला.
'हा अठरा एमएमचा मणी. रिंग लागत नाही मला.'

मी तसंच टाईप केलं.
खाली जोडलं: अंबडच्या आपल्या युनिटला
बेदाण्यासाठी जो माल येतो,
तो दारातच ओळखणारं माणूस मी आहे.
'एवढं ठासून?'
'खोटं आहे का?'
'नाही.'

'आधीची नोकरी सोडण्याचं कारण'
इथे कर्सर लुकलुकत राहिला.
बाहेर कंपनीची बस वळली, उजेड भिंतीवरून फिरून गेला.
मग त्या म्हणाल्या, बाजारभाव सांगावा तशा आवाजात,
एका कंटेनरवर सही केली नाही मी.
मण्यांना चिरा होत्या.
साहेब म्हणाले, थंडीत कुणाला कळतंय.
म्हटलं, रॉटरडॅमला कळेल.
दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणाले.

'पण हे नको. वैयक्तिक कारण टाका.
सगळे तेच टाकतात ना?'

टाकतात.
सात वर्षांत किती वेळा टाईप केलं मी ते,
एकदा स्वतःसाठीसुद्धा.
मी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले
आणि काहीच बोलले नाही.

'चार ओळींत बसेल का हो?'
तीनांत बसलं.

प्रिंटरमधून पान गरम गरम आलं.
त्यांनी ओठ हलवत वाचलं, माल तपासावा तसं,
वरून खाली, मग खालून वर.
खैरनारचं खैरणार झालं होतं,
तेवढी खोट काढली. पुन्हा प्रिंट.

सही करण्याआधी
पेन चालतं का, ते जुन्या बिलाच्या पाठीवर
दोनदा बघितलं.
मगच पत्रावर.