परमिट रूममधलं बँकॉक

फैजपूर सोडून यावल रोडला लागलं
की डाव्या हाताला हॉटेल सुप्रिया, परमिट रूम.
पाटीवर ‘फॅमिलीसाठी वेगळी व्यवस्था’,
आणि त्या वेगळ्या व्यवस्थेत पोटॅशची पोती.

तिथं आम्ही बँकॉक सांगायला बसतो.
आम्ही म्हणजे नऊ डीलर,
केळीच्या रोपांचं टार्गेट गाठलेले,
कंपनीनं विमानानं नेऊन आणलेले,
चार रात्री, पाच दिवस, नाश्ता धरून.

लीलाधर फिरके हात वर करून उंची दाखवतो.
अठ्ठेचाळिसावा मजला, भो, अन् वर छतच नाही.
वाऱ्यानं बिअरचा फेस उडून शेजारच्याच्या चष्म्यावर.
खाली नदी अशी, जशी आपली तापीच
कुणी लायटिंग करून लग्नाला भाड्यानं दिलेली.
अन् गाणं? कुणीतरी विचारतं.
गाणं कानात नाही वाजत तठी.
थ्रेशरपाशी उभं राहिल्यावर छातीत वाजतं ना,
तसं.

दिवाळीत हाच मजला छत्तिसावा होता.

मी शेव चघळतो, मान हलवतो.
मीही गेलो होतो.
पण माझं बँकॉक ठेंगणं आहे,
टेबलावर ठेवलं तर सोड्याच्या बाटलीमागं दडेल.

तिसऱ्या रात्री हे सगळे आत शिरले
जांभळ्या उजेडाच्या दारातून,
मनगटावर शिक्के मारून घेत, गुरांच्या बाजारातल्यासारखे.
दारावरच्या गड्यानं माझ्या पायांकडं बघितलं.
सँडल.
बायको म्हणाली होती, बूट घाला,
मी म्हणालो होतो, लग्नाला चाललोय का.

मग एकटाच हिंडलो.
एक बार, त्याला लागून दुसरा, त्याच्या पोटात तिसरा,
प्रत्येकाचं गाणं पुढच्याच्या गाण्यात सांडलेलं.
हाका मारणाऱ्या पोरी, त्यातली एक जांभई देत होती
आणि जांभई संपल्यावर परत हसली.
कोपऱ्यावर चार स्टुलांचा एक बार,
गल्ल्यावर माझ्या मावशीच्या वयाची बाई,
आणि बाटल्यांच्या वर, खिळ्याला,
केळीचा घड.

सवय वाईट. मी तो डोळ्यांनीच तोलला.
सात फण्या, नऊ-दहा किलो,
निसवणीच्या वेळी पाणी कमी पडलेलं.
तिनं बघितलं, एक केळ तोडून पुढं ठेवलं.
बोटाएवढं. आंबटगोड. पैसे घेईना.
इंडिया? ती म्हणाली. मुंबई?

मी म्हणालो, हो.

अजून कळत नाही का म्हणालो.
आयुष्यभर सावद्याचं केळ विकलं, त्यावर घर बांधलं,
आणि एका स्टुलावर बसून
सावदा गिळून टाकलं, सालीसकट.

गुमान बारेला टेबल पुसायला येतो.
पालकडचा पोरगा, दोन वर्षं झाली, फार बोलत नाही.
आज मात्र फडकं थांबवून विचारतो,
शेठ, तठी ग्लास कोन धोते?

टेबल फुटेस्तोवर हसतं.
मशीन धोते रे, मशीन, लीलाधर म्हणतो,
अठ्ठेचाळीस मजल्यांचे ग्लास काय तू धोशील?

आणि मला ती मागची गल्ली आठवते.
पहाटेचे तीन. मी वाट चुकलेलो.
उकिडवा बसलेला एक पोरगा,
एका टबात फेस, दुसऱ्यात साधं पाणी,
धुतलेला एकेक ग्लास उचलून
समोरच्या बारच्या लाल पाटीकडं धरून बघायचा,
डाग राहिला का.
मी बराच वेळ उभा होतो.
तेवढाच एक नाच मी पुरा पाहिला.

एक पोरगा होता, मी म्हणतो.
दोन टब होते त्याच्याकडं.
या टेबलावर मी पहिल्यांदाच बँकॉकचं काही सांगतोय,
त्यामुळं सगळे गप्प.

दोन? गुमान विचारतो.
दोन.

तो जरा विचार करतो.
आपल्याकडं एकच हाये, म्हणतो,
आणि चार बोटांत चार ग्लास अडकवून
पडद्यामागं जातो.

लीलाधर खुर्ची पुढं ओढतो.
तर मी काय सांगत होतो,
पन्नासावा मजला.