सत्तेचाळीस पाउंड

बाबा तंबोरे दुरुस्त करायचे, आणि व्हायोलिनं.
मडगावात, जुन्या बाजाराच्या मागे, तीन पायऱ्यांचं दुकान.
देवळाचं वाद्य आणि इगर्जीचं वाद्य एकाच खिळ्याला.
मी रॅकेटना तारा भरतो.
मशीन आणलं त्या दिवशी बाबा म्हणाले, तार ती तार,
पण हात लावला नाही.

एर्मिंडा पहिल्यांदा आली वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून,
अकरा वर्षांची, गुडघे चिऱ्याच्या धुळीनं लाल.
बाणावलीचं कोर्ट जूनला बंद व्हायचं.
मग चार महिने कुटबणच्या जेटीवर,
बर्फाच्या कारखान्याची मागची भिंत, वर पत्रा.
चेंडू ओला, जड होऊन परतायचा, मासळीचा वास घेऊन.
"म्हणून माझा बॅकहॅण्ड असा," असं ती पुढे पत्रकारांना सांगे.
ते हसत.
ती विनोद करत नव्हती.

माझ्या वहीत तिचं पान आहे.
वय सतरा, चौपन्न पाउंड.
वय एकोणीस, सत्तावन्न. त्या वर्षी तिला सगळंच ताठ हवं होतं,
तारा, वेणी, माझं उत्तर.
अंताल्या, ताश्कंद, सोलापूर, पुन्हा ताश्कंद.
खोलीत तिघी, अंडी उकडायची किटलीत,
पहिल्या फेरीत हरलं की परतीच्या तिकिटाचा दंड.
एकदा रात्री दोनला फोन: "बाब, माझी जुनी रॅकेट आहे ना तिथं?
जरा वाजव."
मी अंधारात खिळ्यावरून काढली, नखानं छेडली,
फोन जवळ धरला.
पलीकडे कुणीतरी नाक ओढलं.
"बरं," म्हणाली, आणि ठेवला.

जगात तीनशे अठ्ठ्याऐंशी. एक आठवडा.
वडिलांनी तो आकडा ट्रॉलरच्या नाकावर रंगवला.
रंग वाळेपर्यंत ती चारशेच्या पलीकडे.
आकडा अजून आहे,
लोकांना वाटतं, नोंदणीचा असेल.

मग मनगट.
बावन्न. शस्त्रक्रियेनंतर पन्नास.
पन्नासच्या पुढे मी प्रश्नचिन्ह काढलंय, का ते आठवत नाही.
निवृत्तीची बातमी कुठंच आली नाही.
एका मंगळवारी ती सहा रॅकेटी घेऊन आली,
चार विकायच्या म्हणाली,
आणि विकल्या नाहीत.

आता बाणावलीच्या त्याच कोर्टावर चौदा पोरं,
त्यातली दोन खरंच ऐकतात.
कोर्टाला सिमेंट झालंय, गुडघे आता लाल होत नाहीत, सोलतात.
काल स्वतःची रॅकेट ठेवली काउंटरवर.
"सत्तेचाळीस."
मी वर पाहिलं.
"सत्तेचाळीस रे. चेंडू जाऊ दे आपणहून थोडा.
दर वेळी मीच का ढकलू?"

भरून झाल्यावर सवयीनं छेडली.
बाबा कोपऱ्यात, कान गेलेले.
हात पुढे केला त्यांनी, पहिल्यांदाच,
मधल्या तारेवर बोट ठेवून बराच वेळ बसले.
"उतरलीय," म्हणाले.

एर्मिंडा सुटे पैसे मोजत होती.
मान वर न करता म्हणाली,
"उतरली नाय, बाबा. उतरवलीय."

दहा रुपये कमी दिले. नेहमीसारखे.
चार वाजायला आले होते, पोरं थांबली असतील.