सोळावी फेरी

दाजी पेठेत आमच्या मागाच्या भिंतीला लागून
सिद्रामप्पा हत्तुरेचं रेडिओचं दुकान,
रुंदी एका खाटेएवढी.
भिंतीत एक भोक.
आमचा खडखडाट तिकडे जायचा,
त्याच्या डाकाच्या धुराचा वास इकडे.
घरमालकाकडे बापानं शंभर तक्रारी केल्या,
भोकाची एकही नाही.

त्या वैशाखात पत्रा तापून टकटक वाजत असताना
त्यानं चार वाल्व जमवले
मेलेल्या रेडिओंतून,
आणि ज्यांची माणसं परत आली नाहीत अशा रेडिओंतून.
एकेका काचेत दोन भाऊ.
एक जागा, तर दुसऱ्यानं झोपायचं;
टिचकी बसली की पाळी बदलायची.
"म्हणजे गिरणीच," बाप म्हणाला.
"गिरणीच. नुसता भोंगा नाही."

धोट्याच्या पेटीला पितळेची पट्टी,
पट्टीतून तार, तार भोकातून पलीकडे,
आणि फळीवर चार नारिंगी दिवे, हरभऱ्याएवढे.
दिवे वाचायचं काम माझं.
उजवीकडून एक, दोन, चार, आठ;
घरी ओकटी, रेंडू, नालुगु, एनिमिदी.
मी नऊ वर्षांची,
म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवा,
मधले दोन विझलेले.

पंधराव्या फेरीला चारही पेटायचे.
सोळाव्या फेरीला सगळा अंधार.

बाप पोट धरून हसला.
"सोळाव्याला विसरतंय की हे!
ह्याला कामावर कोण ठेवणार?"
सिद्रामप्पानं कविया खाली ठेवला.
"विसरत नाही, राजमल्लू.
पुढच्याला सांगतंय.
पुढचा अजून विकत घेतलेला नाही."

रद्दीतल्या एका मासिकात त्यानं वाचलं होतं:
दूर कुठे तरी खोलीएवढं यंत्र आहे,
ते आकडे पाऱ्याच्या नळीत ठेवतं,
आवाज करून.
"पाऱ्यात आवाज राहतो कसा?"
"राहत नाही. ह्या टोकाला घालायचा,
त्या टोकाला पोचला की उचलून
परत ह्या टोकाला.
तुला वाण्याकडे पाठवतात तेव्हा तू काय करतेस?"

पावशेर डाळ, आण्याचा गूळ,
पावशेर डाळ, आण्याचा गूळ,
मी कन्ना चौकापर्यंत हेच म्हणत जायचे.
एकदा मधेच गिरणीचा भोंगा झाला
आणि मी गुळाऐवजी हिंग आणला.
मार खाल्ला.
पाऱ्याची कीव तेव्हापासून येते.

एका संध्याकाळी वीज गेली.
आली तेव्हा दिव्यांनी अकरा दाखवले.
माग तर बंद होता!
"कोण मोजलं अकरा?"
"कुणी नाही. झोपेतून उठले,
ज्याला जसं वाटलं तसा उठला."

बापानं मागावरच्या पत्त्यांच्या माळेवरून हात फिरवला,
भोकं बोटांनी चाचपत,
आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो तसा.
"माझं बघ. वीज असो, नसो,
मोराची मान जिथल्या तिथं."
"तुमच्या पत्त्यांना पाठ आहे," सिद्रामप्पा म्हणाला,
"हे बिचारं मोजतंय."
मग दोघंही बराच वेळ बोलले नाहीत.
पत्रा निवत होता, अधूनमधून वाजत.

पाचवा वाल्व आलाच नाही.
आधी ट्रान्झिस्टर आले, मग दुकानात
झेरॉक्स आलं, मग मोबाइलची कव्हरं.
सिद्रामप्पा अक्कलकोट रोडला मुलीकडे गेला,
जाताना फळी घेऊन गेला, दिवे घेऊन गेला.
चौथ्या वाल्वातून निघालेली,
पुढच्यासाठी सोडलेली तार मात्र
भोकातून आमच्या बाजूला तशीच राहिली,
एका खिळ्याला गुंडाळून, टोक मोकळं.

घरात सात माणसं, एक खोली,
दोरीवर जागेसाठी रोज भांडण.
बापानं शेवटपर्यंत
त्या तारेवर काही वाळत घालू दिलं नाही.