नावाड्याची साक्ष

कास्त्रोहून साहेब आले, हातात छापील कागद.
परतीच्या फेरीला इंजिनावर आवाज चढवून म्हणाले,
"तुम्ही रोज बाईंची ने-आण करता. सांगा,
चांगल्या शिक्षकाचे गुण कोणते?
एका ओळीत एक."

साहेब, मला असं ओळीत बोलता येत नाही.
मला भरती-ओहोटी कळते.
ओहोटी लागली की नाव चिखलात बसते,
मग मीही बसतो, शाळेत, शेगडीजवळच्या बाकावर.
सात पोरं, आठवा मी.

एदुविना बाईंनी विचारलं,
होडीत बटाट्यांची बारा पोती,
पाच उतरवली, उरली किती?
रेमिहियो म्हणाला, सहा.
पोरं हसली. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू.
बाईंनी खडू खाली ठेवला.
"सहापर्यंत कसा पोचलास? वाट दाखव."
"एक पोतं धक्केवाल्याला द्यावं लागतं,
नाहीतर तो दोर बांधू देत नाही."
बाई फळ्याकडे बघत राहिल्या, बराच वेळ.
मग बारातून पाच, आणि पुढे आणखी एक वजा केला.
"माझंच लिहायचं राहिलं होतं."

चिडत नाहीत असं नव्हे.
जूनमध्ये, ऐन थंडीत, लाकडं ओली,
वर्गभर धूर आणि खोकला,
तेव्हा ओतिलियाला नको ते बोलल्या.
दुसऱ्या दिवशी नावेत चकार शब्द नाही.
वर्गात शिरल्या, कोटसुद्धा न काढता
सगळ्यांसमोर तिची माफी मागितली
आणि लगेच भूगोल काढला.

भूगोलात समुद्र आला.
चंद्र पाण्याला कसा ओढतो ते पुस्तकात होतं.
आमच्या खाडीत पाणी आधी डावीकडून का चढतं,
ते नव्हतं.
"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या,
कुणी वेळ विचारावी आणि हातात घड्याळ नसावं, तसं.
आणि खडू माझ्यापुढे धरला.

माझ्यापुढे! मी पगाराच्या कागदावर अंगठा उठवणारा.
पहिली रेघ वाकडी गेली.
मग खडक काढला, वळण काढलं,
मागे वळलो तर बाई रेमिहियोशेजारी,
त्या एवढ्याशा बाकावर गुडघे पोटाशी घेऊन
वहीत उतरवून घेतायत.
मध्येच हात वर केला,
"जरा सावकाश सांगा हं."

कागद भिजतोय तुमचा, साहेब.
यातलं कुठल्या रकान्यात बसतं ते तुम्ही बघा.
मला आता तो खडक बघायचाय,
पाण्याखाली गेलाय,
आणि या वेळेला तो
दिसतो त्याहून जवळ असतो.