बुजवलेलं भोक

रज्जबभाई मिस्त्रींनी तो आणून ठेवला तेव्हा मे होता.
दांडिया बाजारातली माझी खोली, दार लावलेलं, पंखा बंद:
वारा लागला की तार गार होते, सूर चढतो,
एवढं सतारींनी शिकवलं होतं.

पण ही सतार नव्हे.
सव्वादोनशे वर्षांपूर्वी व्हिएन्नात कुणी केलेल्या पियानोची
ही हुबेहूब नक्कल.
आत लोखंडी चौकट नाही. नुसतं लाकूड,
दोन माणसं उचलतात.
हातोड्या पेराएवढ्या, त्यांच्यावर बकरीचं कातडं.

एकसष्ट पट्ट्या, पट्टीला दोन तारा.
पोलाद चालत नाही इथे.
पोलाद ओढतं, आणि लाकूड भिडस्त,
नाही म्हणत नाही, वाकतं.
वर मऊ लोखंड लागतं, खाली पितळ,
अगदी खाली तांबूस पितळ.
ते सुरतेच्या एका जरीवाल्याने ओढून दिलं.
तो शेवटपर्यंत विचारत होता, किती साड्यांचं आहे?
मी म्हटलं, एकाच.

तारेच्या टोकाला फास.
आकड्यात धरून तिला तिच्याच भोवती वळवायची,
हाताला कळतं कधी थांबायचं,
नाही कळलं तर बोटातून रक्त येतं, मग कळतं.
खुंटीला आटे नाहीत.
ती ठोकून बसवलेली,
लाकडाने धरलं आहे तोवर उभी.

एकदम सूर लावायचा नसतो.
आधी सगळ्या सैल. मग थोड्या वर. मग एक दिवस काही नाही,
मी सुरसागरला एक फेरी मारून येतो.
लाकडाला बातमी हळूहळू सांगावी लागते.

चौदाव्या खुंटीशेजारी बोट अडखळलं.
एक भोक, बुजवलेलं, वर रंधा फिरवलेला.
रज्जबभाई, हे काय?
नकाशात आहे, म्हणाले.
त्या माणसाचं गिरमिट चुकलं असणार.
त्याने पाडलं, बुजवलं. मीही पाडलं, बुजवलं.
अहो, पण चूक कशाला उतरवायची?
त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत लावली.
मग कुठपर्यंत उतरवायचं
ते तुम्ही सांगा.

मी काही सांगितलं नाही.
त्या रात्री चौदावी तार तुटली, गालाला चाटून गेली.
तुटण्याच्या जरा अलीकडेच ती चांगली वाजते,
हे कुठल्याही तारवाल्याला ठाऊक असतं.
किती अलीकडे, ते नसतं.

मग पंचम.
एकावर एक बारा शुद्ध पंचम रचत गेलं
की घरी परत पोचायला हवं, पण पोचत नाही,
चिमूटभर सूर जास्त होतो.
हल्ली तो बारा घरांत सारखा वाटून टाकतात,
कुणाला कळतही नाही.
तेव्हा असं नव्हतं. काही स्वर गोड राहायचे,
काहींनी निमूट सोसायचं.
मीही तसंच केलं.
कुणाला सोसायला लावलं ते फ्रेनीबाईंना सांगायचं नाही,
त्यांचा पियानो आहे,
वाजवता वाजवता सापडेल त्यांना.

राहिलं वरचं सप्तक.
मकरपुऱ्याच्या प्रेस मशीनवर अठ्ठावीस वर्षं काढली,
तिने कानातला वरचा मजला नेला.
दोन तारा जवळ येतात तेव्हा लहर उठते,
वंव, वंव,
मग लांब, मग आणखी लांब, मग थांबते.
खाली ती मला दिसल्यासारखी ऐकू येते.
वर फक्त टकटक.

म्हणून खालच्या फरसाणवाल्याची नात, धृती,
शाळेतून आली की स्टुलावर बसते.
मी चावी फिरवतो, ती डोळे मिटते.
तिच्या बोटांना शेवेचा वास.

आज शेवटची पट्टी.
दोन्ही तारा माझ्या लेखी केव्हाच एक झाल्या आहेत.
खोली शांत. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारतंय.
मी चावी काढून फडक्यात गुंडाळायला लागतो.

हजु नथी, काका,
ती म्हणते.